दोन किंवा फार तर तीन: आमच्या मंडळीने उपासनाक्रम कसा बदलला

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या पाळक समितीकडे एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. पहिल्यावर ज्येष्ठ सभासदांच्या सह्या. मागणी अशी की उपासना शिस्तीने आणि व्यवस्थित व्हावी, आधार पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला, १ करिंथ १४:४०. दुसरं पत्र तरुण संघाचं. पवित्र आत्म्याला मोकळीक द्या, अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलणाऱ्याला मना करू नका, आधार १ करिंथ १४:३९. एकाच अध्यायातली लागोपाठची दोन वचनं दोन्ही बाजूंनी एकमेकांवर रोखली होती. निमित्त होतं ८ जून २०२५ च्या पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, उपासनेचं. सकाळी नऊला सुरू झालेली उपासना सव्वाबारापर्यंत गेली. कोरस (पुन्हा पुन्हा म्हणायची छोटी गीतं) संपेनात, मधेच लाईट गेली, पंखे बंद, आणि नागपूरचा पावसाआधीचा जून. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याची, वेळ आली तेव्हा एक तृतीयांश बाकं रिकामी होती.

आमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मराठी, रविवारी दीडशेच्या आसपास हजेरी. अशी भांडणं बऱ्याच मंडळ्यांत चालू आहेत आणि उपासनाक्रमाला हात लावायचा म्हटलं की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. म्हणून त्या जूनपासून पुढे काय केलं ते क्रमाने लिहून ठेवतो.

२२ जूनच्या बैठकीत पाळकसाहेबांनी कोणत्याच पत्रावर मत घेऊ दिलं नाही. आधी शास्त्राभ्यास, मग ठराव, असं ठरलं. त्या दिवशीच्या ठरावात चार गोष्टी लिहून घेतल्या आणि पुढे त्या फार उपयोगी पडल्या. अभ्यासगटाला फक्त शिफारस करण्याचा अधिकार. अहवाल येईपर्यंत चालू क्रमात बदल नाही. तोवर वेदीवरून या विषयावर कोणीही, कोणत्याही बाजूने प्रवचन करायचं नाही. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. यातली तिसरी अट कोणाला सुचतच नाही आणि तीच नसल्यामुळे गोष्टी चिघळतात. बुधवारी अभ्यासात हरलेला मुद्दा रविवारी प्रवचनातून परत येतो आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही.

गट नऊ जणांचा केला. पाळकसाहेब, दोन्ही पत्रांवरचे दोन-दोन, महिला संघाच्या दोघी, गायनमंडळाचे प्रमुख आणि संडे स्कूलच्या एक शिक्षिका. २ जुलैपासून दर बुधवारी संध्याकाळी सात ते साडेआठ. पहिल्या संध्याकाळी वातावरण इतकं अवघडलेलं होतं की चहासुद्धा दोन कोपऱ्यांत प्यायला गेला. एक काका सरळच म्हणाले, "काहून बा एवढा अभ्यास? लिहिलंय ना व्यवस्थित करा म्हणून!"

म्हणूनच करिंथपासून सुरुवात केली नाही. तो अध्याय दोन्ही बाजूंनी आधीच तासून आणला होता. नियम असा केला की कोणतंही वचन सुटं वाचायचं नाही, अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायचा. आणि वहीत तीन रकाने आखायचे: काय आधी ठरलेलं होतं, काय अचानक घडलं, आणि त्याचा परिणाम बाकीच्या लोकांवर काय झाला. तिसऱ्या रकान्याने सगळा अभ्यास सांभाळला. पहिले दोन रकाने भरले की लोक बाजू घेतात. तिसरा भरायला लागलं की बाजू सोडून लोकांकडे बघावं लागतं.

पहिला उतारा २ शमुवेल ६ आणि त्याच्या जोडीला १ इतिहास १३ व १५. दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, नव्या गाडीवरून आणतो, खळ्यापाशी बैल अडखळतात, उज्जा हात लावतो आणि मरतो. ही गोष्ट शिस्तीच्या बाजूचे लोक नेहमी काठीसारखी वापरतात: क्रम मोडलात तर बघा. पण नीट वाचलं तर त्या दिवशी आनंद करण्याबद्दल एक शब्दही दोष दिलेला नाही. सगळे इस्राएल वीणा, डफ, झांजा घेऊन नाचत होते. चूक कोश नेण्याच्या पद्धतीत होती. गणना ४ आणि ७ प्रमाणे तो लेव्यांनी, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशाने, दांड्यांवर, खांद्यावरून न्यायचा होता. गाडीची कल्पना मुळात पलिष्ट्यांची, १ शमुवेल ६ मधली. १ इतिहास १५:१३ मध्ये दावीद स्वतःच म्हणतो की आपण विधीप्रमाणे त्याला शरण गेलो नाही. दुसऱ्या वेळी लेवी नेमले, गायक नेमले, कनन्याला गाण्यात निपुण म्हणून प्रमुख केलं. आणि त्याच दिवशी दावीद तागाचं एफोद (याजकाचं वस्त्र) घालून इतका नाचला की त्याची बायको मीखल चिडली. म्हणजे शिस्त वाढली तरी नाच कमी झाला नाही. तरुण संघाच्या एकाने हे वहीत लिहिताना दोनदा अधोरेखित केलं, ज्येष्ठांपैकी एकांनीही केलं. वेगवेगळ्या कारणांसाठी, पण ओळ एकच.

त्यानंतर २ इतिहास २९ आणि ३०. हा भाग मंडळ्यांत फारसा वाचला जात नाही. हिज्कीया राजाने मंदिर शुद्ध करून उपासना पुन्हा सुरू केली. लेव्यांना झांजा-वीणांसह जागेवर उभं केलं, दाविदाच्या आज्ञेप्रमाणे सगळं बसवलं, आणि अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की ही गोष्ट एकाएकी घडून आली म्हणून लोकांना आनंद झाला. पुढच्या अध्यायात वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटकेचा सण, नेहमीच्या पहिल्याऐवजी दुसऱ्या महिन्यात. याला गणना ९ चा आधार आहे, तिथे अशुद्ध असणाऱ्याला किंवा प्रवासात असणाऱ्याला महिनाभर पुढची तारीख दिलेली आहे. पण उत्तरेकडून आलेल्या पुष्कळांनी शुद्ध न होताच वल्हांडण खाल्लं. हे मात्र सरळ नियमाविरुद्ध. हिज्कीयाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि परमेश्वराने ती ऐकली. शिवाय सात दिवसांचा सण संपल्यावर लोकांनी ठरवलं की अजून सात दिवस करू. उज्जाची गोष्ट सांगणाऱ्याने हिज्कीयाची गोष्टही सांगितली पाहिजे, एवढं त्या संध्याकाळी सगळ्यांनी मान्य केलं.

नहेम्या ८ मध्ये आम्ही अपेक्षेपेक्षा जास्त वेळ थांबलो. नियमशास्त्र वाचणाऱ्या एज्रा शास्त्र्यासाठी मुद्दाम लाकडी मंच बांधलेला होता. त्याच्या उजव्या हाताला सहा आणि डाव्या हाताला सात माणसं उभी. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत वाचन. लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून सांगत होते. एवढी आखणी असताना लोक एकदम रडायला लागले. हे कोणी आखलेलं नव्हतं. लेव्यांनी रडणाऱ्यांना शांत केलं, पण नुसतं गप्प बसवून सोडलं नाही, आणि रडणं तासभर चालूही ठेवलं नाही. शोक करू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवा. उत्स्फूर्त भावनेला पुढची वाट दाखवणं हे पुढाऱ्याचं काम. आमच्या मंडळीत नेमका याच कामाला माणूस नव्हता. पेंटेकॉस्टच्या दिवशी गाणी लांबली त्यात कोणाचा उद्धटपणा नव्हता. तिथून पुढे कुठे जायचं हे ठरवणारं कोणी नव्हतं, एवढंच.

नव्या करारात लूक ४, मग प्रेषितांची कृत्ये. नासरेथच्या सभास्थानात येशू वाचायला उभा राहतो, गुंडाळी घेतो, वाचतो, परत देतो आणि बसून बोलतो. सगळं तिथल्या रिवाजाप्रमाणे, आणि तरी त्याने उच्चारलेलं वाक्य कोणीच अपेक्षिलेलं नाही. कृत्ये ४ मधली प्रार्थना तर आमच्या दोन्ही गटांना सारखीच बोचली. पेत्र व योहान हे प्रेषित अटकेतून सुटून आल्यावर लोकांनी एकमुखाने केलेली ही प्रार्थना, कागद समोर नाही. पण तिचं अंग स्तोत्रांचं आहे. आकाश, पृथ्वी, समुद्र निर्माण करणारा हे संबोधन जुन्या कराराच्या भाषेत, आणि मध्यभागी दुसऱ्या स्तोत्राची पहिली दोन वचनं जशीच्या तशी. पाठांतर होतं म्हणून उत्स्फूर्त प्रार्थनेला वजन आलं. आपल्याकडे मोकळी प्रार्थना पुष्कळदा "प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो" याच वाक्याभोवती फिरते, कारण साठा संपलेला असतो. तरुण संघाने इथे स्वतःहून एक गोष्ट घेतली: महिन्याला एक स्तोत्र पाठ. हा निर्णय कोणी सुचवलेला नव्हता आणि आज विचाराल तर पूर्ण प्रक्रियेतला सर्वांत टिकाऊ तोच ठरतोय.

करिंथला ऑगस्टमध्ये पोचलो. १४ वा अध्याय घेण्याआधी ११ वा वाचलाच पाहिजे. तिथे प्रभुभोजनात एक उपाशी, दुसरा पिऊन मस्त, आणि पौलाचा तोडगा शेवटी एका क्रियापदावर येतो: एकमेकांची वाट पाहा. अध्याय १४ मध्येही मापदंड तोच. मंडळीची उन्नती. १६ व्या वचनात साधी कसोटी आहे: शेजारी बसलेल्या साध्या माणसाला तुझ्या प्रार्थनेवर आमेन म्हणता येतं का? २३ मध्ये बाहेरून आलेला माणूस आहे, तो तुम्हाला वेडे म्हणेल का?

मग २६ ते ३३. या आठ वचनांवर तीन बुधवार गेले. पौल इथे क्रमपत्रिका देत नाही. प्रत्येकाजवळ काही ना काही असतं हे तो गृहीत धरतो: स्तोत्र, शिक्षण, प्रकटीकरण, भाषा, अर्थ. आणि मग आकडे घालतो. अन्य भाषेत बोलणारे दोन किंवा फार तर तीन, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावं. संदेश देणारे दोन किंवा तीन, इतरांनी पारख करावी. बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्याने थांबावं. हे शेवटचं वाचून गटातले दोघेही ज्येष्ठ जरा वेळ शांत राहिले. कारण इथे मधे उठणाऱ्याला अडवलेलं नाही, बोलत असलेल्याला बसायला सांगितलंय. आणि ३२ वं वचन वाचून तरुणांची पाळी आली: संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणजे "मला थांबताच आलं नाही" ही सबब चालत नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ५:१९ च्या पुढे दोनच वचनांवर २१ आहे, सर्व गोष्टींची पारख करा. आत्मा विझवू नका एवढंच म्हणून थांबणाऱ्याने वाक्य अर्धं वाचलेलं असतं.

३४-३५ वचनांवरून, म्हणजे स्त्रियांनी गप्प राहावं यावरून, गट फुटेल अशी भीती होती. तसं झालं नाही, कारण ११:५ आधीच वाचून झालं होतं. तिथे स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौलाने धरूनच चाललंय. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं ४० नंतर येतात हेही पाळकसाहेबांनी सांगितलं. ज्या मंडळीत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते तिथे हा मुद्दा व्यवहारात केव्हाच सुटलेला आहे. महिला संघाच्या ताईंनी पुढच्या वचनाकडे जाऊया म्हटलं, आणि गेलो.

एक बुधवार इतिहासाला दिला. तो टाळू नका, त्याने भांडणातली हवा जाते. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या रविवारच्या उपासनेचं वर्णन केलंय: वेळ असेल तितका वेळ प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची वचनं वाचायची, मग प्रमुखाचं बोलणं, सगळे उभे राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. प्रमुखाने आपल्या शक्तीप्रमाणे उपकारस्तुती (भाकर-द्राक्षारसावरची आभाराची प्रार्थना) करायची आणि लोकांनी आमेन म्हणायचं. क्रम पक्का, शब्द मोकळे. त्याहून जुन्या डिडाखे या मंडळीच्या नियमपुस्तिकेत भोजनाच्या प्रार्थना शब्दशः दिल्यात आणि लगेच जोडलंय की संदेष्ट्यांना मात्र हवी तितकी उपकारस्तुती करू द्या. पुढे इंग्लंडात १५४९ चं प्रार्थनापुस्तक, १६६२ ची त्याची आवृत्ती, आणि त्या दोहोंच्या मधे १६४५ ची वेस्टमिन्स्टर निर्देशिका, जी स्कॉटलंडनेही स्वीकारली. तिने प्रार्थनेत कोणकोणते विषय यावेत ते सांगितलं पण शब्द पाळकावर सोडले. १८४५ ला नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच स्कॉटिश परंपरेतले. मराठी मंडळ्यांना दुसरं टोकही घरचंच आहे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, आणि नारायण वामन टिळकांचे अभंग-भजनं तर आजही पेटी-तबल्यावर होतात. शिवाय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सीएनआय स्थापन झाली तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत प्रार्थनापुस्तकवाले अँग्लिकन होते आणि मोकळ्या प्रार्थनेचे बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्सही. आपलं भांडण नवं नाही, ते आपल्या जन्मदाखल्यातच आहे, असं गायनमंडळाचे प्रमुख म्हणाले आणि पहिल्यांदा सगळे एकत्र हसले.

इथवर येऊन एक गोष्ट स्पष्ट झाली होती. मोकळीक हवी असेल तर ती क्रमात लिहूनच द्यावी लागते: कुठे, किती जणांना, किती वेळ, आणि थांबवणार कोण. लिहिली नाही तर ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाला मिळते.

सप्टेंबरमध्ये मसुदा करायला घेतला. प्रयोग रविवारी केला नाही, बुधवारच्याच प्रार्थनासभेत केला, पंधरा-वीस माणसांत. (१ ऑक्टोबरची सभा रद्द ठेवली. दुसऱ्या दिवशी दसरा, दीक्षाभूमीकडे येणाऱ्यांची गर्दी शहरभर, लांबून येणाऱ्यांना परतणं कठीण.) पूर्ण उपासना १०० मिनिटांची धरली. त्यात प्रवचन २०, प्रतिसाद ८, मध्यस्थीच्या (इतरांसाठीच्या) प्रार्थना १०, प्रभुभोजन २०. प्रभुभोजनाचा हिशेब आधी करा, बाकीचं त्यावरून ठरतं. आमच्याकडे कठड्याशी एका वेळी १० जण गुडघे टेकतात, म्हणजे १२० जणांना १२ फेऱ्या, फेरीला सव्वा मिनिट धरलं तरी १५ मिनिटं, वर उपकारस्तुती. हे २० मिनिटांखाली बसत नाही. याआधी दर वेळी वेळ कापली जायची ती इथूनच.

मोकळ्या जागा तीन. पापांगीकारानंतर, म्हणजे पापं कबूल करण्याच्या प्रार्थनेनंतर, एक मिनिट पूर्ण शांतता, वाद्यसुद्धा नाही. मध्यस्थीत मंडळीतून एकेका वाक्याच्या विनंत्या, प्रत्येकीनंतर सगळ्यांनी "प्रभू, आमची प्रार्थना ऐक". आणि प्रवचनानंतर प्रतिसाद: साक्ष, वचन किंवा प्रार्थना, दोघं किंवा फार तर तिघं, प्रत्येकी दोन मिनिटं.

या तिसऱ्या जागेवर खूप काही बिघडतं, म्हणून तपशील देतो. सुरुवातीला बिनतारी माईक हातोहात फिरवला. वाईट कल्पना. माईक कुठल्या बाकावर जातोय यात मिनिट जातं, आणि हातात आलेला माईक माणूस सहजी सोडत नाही. मग स्टँडवरचा माईक समोर एका जागी उभा केला आणि त्याच्या बाजूला तीन खुर्च्या ठेवल्या. ज्याला बोलायचं त्याने येऊन खुर्चीवर बसायचं. तीन भरल्या की चौथा पुढच्या रविवारी. कोणाला नाही म्हणावं लागत नाही, खुर्ची नाही म्हणते. दोन मिनिटं झाली की उपासना चालवणारा बसल्या जागी नुसता उभा राहतो. बोलणाऱ्याने वाक्य पुरं करून बसायचं. घंटा, चिठ्ठी, हाताची खूण, यातलं काही नको. हे थेट १४:३० वरून घेतलं आणि मंडळीला तसं सांगितलं, म्हणून कोणाला अपमान वाटला नाही.

कीबोर्डचं बघा. प्रार्थना चालू असताना खाली सूर धरून ठेवायची तरुणांना सवय असते. सूर चालू आहे तोवर बोलणाऱ्याला संपवावंसं वाटत नाही, कारण संपल्याची जागाच ऐकू येत नाही. सूर बंद केला तेव्हा प्रतिसाद आपोआप आटोपशीर झाले. कोरसही छापील गीतांसारखाच आधी ठरलेल्या कडव्यांइतका. अजून एकदा घ्यायचा तर गायनमंडळाचे प्रमुख मान हलवतील, इतर कोणी नाही. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली दोन गीतं आणि एक कोरस, असं प्रमाण सध्या चालू आहे.

पहिल्या दोन वेळा खुर्च्या रिकाम्याच राहिल्या आणि आठ मिनिटं डोंगराएवढी वाटली. अशा वेळी चालवणाऱ्याने ती जागा स्वतः बोलून भरायची नाही. दोन मिनिटं शांत राहायचं आणि पुढे जायचं, उरलेला वेळ प्रभुभोजनाला. नंतर उलटं झालं: दर वेळी तीच तीन माणसं. म्हणून एक ओळ वाढवली, मागच्या रविवारी बोललेल्याने या रविवारी थांबायचं. मग एका विनंतीतून कोणाच्या तरी आजाराचं नाव-गाव सगळ्यांसमोर आलं. तेव्हापासून परवानगीशिवाय नाव नाही, "आपल्यातली एक बहीण" एवढंच. प्रार्थनेच्या आडून टोमणा हा प्रकारही होतो, "प्रभू, जे वेळेवर येत नाहीत त्यांना बुद्धी दे" वगैरे. त्यावर नियम करता येत नाही. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन बोलायचं, इतकंच.

अन्य भाषांबद्दल: अर्थ सांगणारा कोण हे आधी विचारायचं, नसेल तर १४:२८. आणि "प्रभूने मला अमक्याबद्दल सांगितलं" अशा स्वरूपाचं काही असेल तर ते आधी दोन वडीलजनांकडे पारखायला. विशेषतः कोणाचं लग्न, घर, नोकरी यांबद्दल असेल तर माईकवर मुळीच नाही.

१२ ऑक्टोबरला समितीने मसुदा मंजूर केला, १४ ला बिशप कार्यालयाकडे पाठवला. सोबत तीन गोष्टी लावा: ठरावाची प्रत, जुना आणि नवा क्रम शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता, आणि प्रत्येक बदलापुढे शास्त्रातला आधार. तक्ता नसेल तर तोच मागवला जातो आणि पुन्हा वाट पाहणं आलं. मधे दिवाळी होती. ११ नोव्हेंबरला उत्तर आलं, मंजुरीसह एक दुरुस्ती: प्रभुभोजनाच्या स्थापनेचे शब्द, १ करिंथ ११:२३ पासूनचे, आणि उपकारस्तुतीची प्रार्थना मान्य पुस्तकातलीच राहील, तिच्या जागी मोकळी प्रार्थना घेऊ नये. वाट पाहताना धाकधूक होती खरी, पण दुरुस्ती वाचल्यावर वाटलं की हे आपणच लिहायला हवं होतं.

छपाई बर्डीवर, नागपूरच्या बाजारपेठेत, केली. ए-फोरचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी, मधे घडी, म्हणजे आठ पानी पुस्तिका. प्रत ९ रुपये, २०० प्रतींचे १,८००, जुळणीचे ६०० वेगळे. माईकचा स्टँड ९००, अभ्यासाच्या झेरॉक्स ४८०, चहा १,१००. एकूण ४,८८०. जुळणी करणाऱ्याला युनिकोडमधला मजकूर दिलात तर तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो आणि तिथे जोडाक्षरं मोडतात. "ख्रिस्त", "क्रूस", "आत्म्याने" हे शब्द मुद्रितात एकेक करून तपासा. मंडळीने म्हणायचे शब्द ठळक, चालवणाऱ्याचे साध्या टायपात, आणि मोकळ्या जागी खरोखरच रिकामी चौकट छापा, आत फक्त "दोन किंवा तीन". टाईप १४ पॉइंटच्या खाली नको, ज्येष्ठांच्या पहिल्या पत्रातला एक मुद्दा अक्षरं दिसत नाहीत हाही होता.

२९ नोव्हेंबरला संध्याकाळी आवारात उघड्यावर प्रार्थनासभा ठेवली होती. त्यासाठी लाऊडस्पीकरची लेखी परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यातून घ्यावी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर बंद, निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, आणि इस्पितळाभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. अर्ज आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या. त्यात कार्यक्रमाची वेळ सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहा. शेवट लिहिलाय म्हटल्यावर तो पाळावाही लागतो, हा वेगळाच फायदा.

३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, नवा क्रम सुरू झाला. पहिली उपासना १०८ मिनिटं चालली, जानेवारीपासून १०० च्या आसपास आहे. दोन ज्येष्ठ सभासद अजून प्रतिसादाच्या वेळी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहतात आणि प्रभुभोजनाला आत येतात. त्यांना कोणी टोकत नाही. तरुण संघातल्या काहींना हे सगळं अजूनही फार आखीव वाटतं, त्यांची शनिवारची सभा वेगळी चालू आहे आणि ती तशीच राहू द्यावी असं समितीचं मत आहे. पूर्ण क्रमाचा फेरविचार २४ मे २०२६ च्या पेंटेकॉस्टनंतर होईल. त्याआधी ३ एप्रिलला गुड फ्रायडे आहे. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात वक्ते, प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली तरी कोणी पंचवीसच्या आत बसत नाही, आणि तीन तासांची उपासना चारवर जाते. तिथे तीन खुर्च्यांचा नियम लागू पडत नाही. त्याचा मसुदा मार्चच्या पहिल्या बुधवारी घ्यायचा आहे, आणि वक्त्यांना वेळ कळवणारं पत्र त्याआधीच जायला हवं.